टाळ वाजतच राहतात तेव्हा

पंढरपूरच्या वारीची शिस्त भक्तीतून आपोआप आली, असे म्हणायची पद्धत आहे. पण तंबूच्या जागेवरून जुंपलेले भांडण नुसत्या भक्तीने मिटत नाही. शिंद्यांच्या पदरी राहिलेल्या हैबतबाबा आरफळकरांनी 1832च्या सुमारास आळंदीच्या पालखीला लष्करी धाटणी दिली. दिंड्या रथापुढे आणि रथामागे ठरल्या क्रमाने चालू लागल्या. खरी हुशारी मात्र मुक्कामावरच्या समाजआरतीत दिसते. चोपदार दंड उंचावतो, हजारो टाळ एकदम थांबतात. गाऱ्हाणे असलेल्या दिंडीचे तेवढे वाजत राहतात. चोपदार तिथे जाऊन ऐकून घेतो. हरवल्या-सापडल्याची यादीही इथेच पुकारली जाते. ही सगळी रीत एकट्या हैबतबाबांची म्हणणे धाडसाचे. वापरातूनही ती घडली असेल. पण तक्रारीची दखल घेतल्याखेरीज आरती पुढे सरकत नाही, म्हणून आजचा रुसवा उद्याच्या वाटचालीत येत नाही.