एका वॅगनची बखर

मोटारीला आपल्याकडे माणसासारखंच नाक आणि पाठ लागते. पुढे इंजिनाचं नाक, मागे डिकीची पाठ. स्टेशन वॅगनचं दुर्दैव असं, की तिची डिकी घराच्या माजघरासारखी. माणसं, वळकट्या, संत्र्याच्या पेट्या, सगळं एकाच छपराखाली. आमच्या दादांनी धरमपेठेतल्या अंगणात एक जुनी टाटा इस्टेट आणून तिचा जीर्णोद्धार आरंभला, तेव्हा शेजारच्या काकू हळूच येऊन म्हणाल्या, "कोणाची तब्येत बिघडली का हो? अँब्युलन्स दिसून राहिली."

काकूंना दोष कसा द्यावा? या गाडीचं कूळच सेवेकऱ्याचं. अमेरिकेत आगगाडीतून उतरलेले उतारू आणि त्यांच्या ट्रंका मुक्कामी पोचवायला ही जात जन्मली, म्हणून नावात 'स्टेशन'. अंग लाकडाचं, ते वरचेवर वॉर्निश मागायचं. 1946 साली विलीजनं सबंध पोलादी वॅगन काढली, पण लोकांना लाकडाची इतकी सवय, की पत्र्यालाच लाकडासारखा रंग दिला! पुढे ही वॅगन महिंद्रांनी आपल्याकडे आणली. अँबॅसडरलाही 'इस्टेट' नावाचं एक भावंड झालं. पण दोघींना नाव मिळालं, मान मिळाला नाही.

मग टाटा पुढे आले. टेल्को म्हणजे टाटा इंजिनिअरिंग अँड लोकोमोटिव्ह कंपनी. 1945 साली ती निघाली आगगाडीची इंजिनं बनवायला. 1954 पासून डाइमलर-बेंझच्या मदतीनं ट्रक आले, 1988 साली टाटामोबाइल पिकअप. त्याच घराण्यात पुण्याला 1991 साली तीन दारांची सिएरा आणि 1992 साली पाच दारांची इस्टेट जन्मली. म्हणजे स्टेशनावरून निघालेली गाडी फिरत फिरत इंजिनवाल्यांच्याच घरी मुक्कामाला आली! डिझेलचं 1948 सीसीचं इंजिन, पॉवर स्टिअरिंग, बटणावर खिडक्या. तरीही ती फार खपली नाही.

का? मला विचाराल तर, आपल्याकडे मोटार बसायला कमी आणि दिसायला जास्त घेतात. पण खरं कारण निराळं असावं. आत्या, काका आणि पोरांची पलटण घेऊन एका खेपेत रामटेकला जाणारं जे कुटुंब या गाडीला शोभलं असतं, ते तोवर फ्लॅटांमध्ये वाटलं गेलं होतं. उरलेली चार माणसं मारुती 800 मध्ये आरामात मावत होती.

दादांना हे सांगून उपयोग नव्हता. इंजिनाची चिंता नव्हती; तेच इंजिन 1994 च्या सुमोतही बसलं, त्यामुळे मिस्त्रीला त्याची नाडी पाठ. अडलं ते बाकीच्यावर. "भाऊ, इंजिन तं मी देतो करून," मिस्त्री म्हणाला, "पन मागचा लाइट कबाड्याकडंबी नाही भेटून राहिला." गंज घासायचा, लांबी भरायची, पॉलिश पेपर मारायचा, हे सगळं पहाटे पाच ते आठ. नंतर नागपूरच्या मे महिन्यात पत्र्याला हात लावला, तर पत्र्याआधी हाताची साल निघते.

दादांचा मोठा बेत मात्र पुढेच होता. बाहेरून आलापल्लीच्या सागाच्या पट्ट्या, आणि मागे समोरासमोर दोन बाकं. "नऊ माणसं बसतील!" इथे कायदा आडवा आला. 1988 च्या मोटार वाहन कायद्याचं कलम 52 म्हणतं, आरसी बुकातल्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल गाडीत करायचा नाही. 2019 साली सर्वोच्च न्यायालयानंही तेच बजावलं. बुकात लिहिलंय पाच, तर पाचच.

दादा दोन दिवस जेवताना बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी वहिनींनी भाकरी वाढता वाढता विचारलं, "नऊ म्हणता, पण नऊ आहेत कुठे आता? एक पोरगा बंगलोरला, दुसरा तिकडे अमेरिकेत. आधी माणसं जमवा, मग बाकं करा."

बाकं रद्द झाली. साग आत गेला. सामानाच्या जागी त्याच्या फळ्यांची सुरेख जमीन झाली. दिवाळीला धाकटा, सून आणि नात येणार आहेत. सोबत मोजून सहा सुटकेसी. त्यांना स्टेशनावर आणायला दादा-वहिनी वॅगन घेऊन जाणार.

माणसं बरोबर पाच. बुकात लिहिलंय तेवढीच.