पाण्यापासून ऊर्जा : मुळशी सत्याग्रह ते प्रकाशउत्प्रेरण

प्रास्ताविक

पाण्याच्या साहाय्याने ऊर्जा मिळविण्याचे दोन भिन्न मार्ग विसाव्या शतकात पुढे आले. पहिल्यात उंचावर साठविलेले पाणी खाली सोडून वीज निर्माण केली जाते. दुसऱ्यात सूर्यप्रकाशाने पाण्याचे विघटन करून हायड्रोजन हे इंधन मिळविले जाते. पहिल्या मार्गाची किंमत पुणे जिल्ह्यातील मुळशीने मोजली. दुसरा मार्ग अद्याप मुख्यतः प्रयोगशाळेत आहे. प्रस्तुत लेखात दोहोंचा ऐतिहासिक मागोवा घेऊन, मुळशीचा अनुभव नव्या तंत्रापुढे कोणता प्रश्न उभा करतो, याचा विचार केला आहे.

मुळशीचा अनुभव

मुंबईच्या गिरण्यांना वीज पुरविण्यासाठी टाटा समूहाने खोपोली येथे १९१५ मध्ये जलविद्युत केंद्र सुरू केले. पुढे १९१९ मध्ये स्थापन झालेल्या टाटा पॉवर कंपनीने निळा व मुळा नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधण्याची योजना हाती घेतली. पूर्वेकडे वाहणारे पाणी अडवून ते सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरून कोकणात भिरा येथे सोडायचे, अशी ही योजना होती. मुळशी पेट्यातील सुमारे पन्नास गावांच्या भातखाचरांना त्याची झळ बसणार होती. १८९४ च्या भूसंपादन कायद्यान्वये सरकारने कंपनीसाठी जमिनी संपादन केल्या.

१६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीस, मावळ्यांनी सत्याग्रह आरंभिला. पांडुरंग महादेव तथा सेनापती बापट व विनायकराव भुस्कुटे हे त्याचे प्रमुख नेते होत. काम काही काळ थांबले, परंतु पुन्हा सुरू झाले. १९२४ पर्यंत लढा ओसरला आणि १९२७ मध्ये भिरा केंद्र कार्यान्वित झाले. राजेंद्र व्होरा यांनी या लढ्यास जगातील पहिले धरणविरोधी आंदोलन म्हटले आहे. अनेक जमिनी पुण्यातील सावकारांच्या नावावर होत्या व त्यांना मोबदल्यात स्वारस्य होते, तर कसणाऱ्या मावळ्यांना जमीनच हवी होती, ही अंतर्गत विसंगतीही येथे लक्षात घ्यावी लागते. वीज मुंबईस गेली. जमीन मुळशीची गेली.

प्रकाशउत्प्रेरणाची वाटचाल

फुजिशिमा व होंडा या जपानी शास्त्रज्ञांनी १९७२ मध्ये टायटॅनियम डायऑक्साइडच्या विद्युतअग्रावर प्रकाश टाकून पाण्याचे विघटन घडवून दाखविले. तथापि हा पदार्थ केवळ अतिनील किरण शोषतो आणि सूर्यप्रकाशात त्यांचा वाटा जेमतेम ५ टक्के असतो. त्यामुळे दृश्य प्रकाशात कार्य करणाऱ्या पदार्थांचा शोध सुरू झाला. २००९ मध्ये कार्बन नायट्राइड या धातुविरहित सेंद्रिय बहुवारिकाने दृश्य प्रकाशात पाण्यापासून हायड्रोजन मुक्त होतो, हे सिद्ध झाले. अशा पदार्थांची रेणूरचना इच्छेनुसार बदलता येते, हा त्यांचा मोठा गुण होय. मात्र बहुतेक प्रयोगांत प्लॅटिनमची जोड आणि इलेक्ट्रॉन पुरवून स्वतः खर्ची पडणारा एखादा पदार्थ लागतो. म्हणजे ते शुद्ध जलविघटन नव्हे.

या संशोधनात पुण्याचाही सहभाग आहे. पाषाण येथील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील राहुल बॅनर्जी, श्रीकुमार कुरुंगोट व सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये कॅडमियम सल्फाइडला सच्छिद्र सेंद्रिय जाळीचा आधार दिल्यास दृश्य प्रकाशातील हायड्रोजननिर्मिती लक्षणीय वाढते, असे दाखवून दिले.

जमिनीचा प्रश्न

जलविद्युतेत ऊर्जा पाण्याच्या पतनातून येते, म्हणून अफाट जलसाठा लागतो. प्रकाशउत्प्रेरणात पाणी हा केवळ कच्चा माल असून ऊर्जा सूर्याची असते. एक किलो हायड्रोजनला सुमारे ९ लिटर पाणी पुरते. त्यामुळे हे तंत्र कोणासही विस्थापित करणार नाही, असे प्रथमदर्शनी वाटते.

परंतु सूर्यप्रकाश विरळ असतो व तो गोळा करण्यास क्षेत्र लागते. एक किलो हायड्रोजनमध्ये सुमारे ३३ युनिट ऊर्जा असते. एका चौरस मीटरवर दररोज ५ युनिट ऊर्जा पडते आणि कार्यक्षमता १ टक्का आहे, असे मानल्यास रोज एक किलो हायड्रोजनसाठी ६६० चौरस मीटर, म्हणजे सुमारे साडेसहा गुंठे लागतात. रोज एक टनासाठी हेच क्षेत्र १६० एकरांवर जाते. कार्यक्षमता १० टक्के झाल्यास ते १६ एकरांवर येते. जपानमध्ये २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या १०० चौरस मीटरच्या प्रयोगात, तोही असेंद्रिय उत्प्रेरक वापरून, कमाल कार्यक्षमता ०.७६ टक्के आढळली.

निष्कर्ष

भारत सरकारने जानेवारी २०२३ मध्ये राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानास मंजुरी देऊन २०३० पर्यंत वार्षिक ५० लाख टन उत्पादनाचे लक्ष्य ठेवले. ते प्रामुख्याने विद्युतविघटनावर आधारित असले, तरी त्या विजेसाठीही सौर व पवन प्रकल्पांना जमीन लागतेच. मुळशीत जमिनीचा प्रश्न धरणाचे काम सुरू झाल्यावर ऐरणीवर आला आणि तोवर निर्णय झालेला होता. प्रकाशउत्प्रेरणाच्या बाबतीत तो प्रयोगशाळेच्या टप्प्यावरच विचारता येतो. उत्प्रेरकाची कार्यक्षमता ही केवळ रसायनशास्त्राची बाब नसून, किती गुंठे कोणाकडून घ्यावे लागतील, हेही तीच ठरविणार आहे. म्हणूनच या संशोधनाचे मूल्यमापन करताना रसायनशास्त्राच्या अभ्यासकांनी इतिहासाच्या अभ्यासकांना सोबत घेणे अगत्याचे आहे.