पर्वत पाटियाची आमची गल्ली, आणि तिच्यातून जाणारे लोक

पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा.

गेल्या महिन्यात नाशिकहून आलेल्या भाचीने विचारलं, "मामा, तुमच्या एरियाचं नाव पर्वत, आणि डोंगर तर कुठेच दिसत नाही?" म्हटलं, बाई, पर्वत हे इथलं मूळ गाव. आणि पाटिया म्हणजे आपली पाटी. गुजरातेत हमरस्त्यावरून गावाकडे रस्ता फुटतो तिथे गावाच्या नावाची पाटी असते, एस.टी. तिथे थांबते, त्या जागेला पाटिया म्हणतात. आपल्याकडे फाटा म्हणतात तेच. म्हणजे आमच्या पत्त्याचा अर्थच 'इथून आत वळा' असा आहे. पुढे या आत वळणाऱ्यांनीच आमचा जीव खाल्ला, त्याची ही हकिगत.

बाबा 1972 च्या दुष्काळानंतर शिंदखेड्याकडून सुरतेला आले. ताप्ती व्हॅली रेल्वेने 1900 च्या सुमारास खान्देश सुरतेला जोडला, तेव्हापासून आपल्या लोकांची ही वाट ठरलेली. आधी उधन्याला लूमवर काम, लिंबायतला भाड्याची खोली. 1989 मध्ये पर्वत पाटियाला रो-हाऊस घेतलं. मी नऊ वर्षांचा होतो. पुढे एक खोली, मागे एक, वर पत्रा, आणि दारात ओटला. शेजारी मारवाडी, समोर सौराष्ट्रवाले, आणि कोपऱ्यापर्यंत आपले खान्देशी. गल्लीचं दुसरं टोक बंद होतं. तिथे बांध आणि पलीकडे शेत.

बंद गल्लीचं सुख तेव्हा कळलं नाही. दुपारी सगळ्या बाया ओटल्यावर साड्या घेऊन बसत. धागे कापायचे, लेस लावायची, टिकल्या चिकटवायच्या, आणि संध्याकाळी माणूस येऊन नगावर पैसे देऊन जायचा. आमच्या माझ्या शाळेची फी त्या ओटल्यावर निघाली आहे. पोरं मधोमध क्रिकेट खेळत. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसायची, रोटांचा वास गल्लीभर, रात्रभर गाणी, आणि सोमवारी वाजतगाजत विसर्जन. तेव्हा रस्ता बंद करायला कोणाची परवानगी लागत नव्हती, कारण तो कुठे जातच नव्हता.

आता खरं सांगतो, जे आमच्या मीटिंगमध्ये कोणी बोलत नाही. ते टोक आम्हीच उघडायला लावलं. सप्टेंबर 1994 चा प्लेग आठवतो ना? अर्धी सुरत गाड्या भरून पळाली, आम्हीही गावी गेलो. परत आल्यावर 1995 पासून आयुक्त एस. आर. राव यांनी शहराची साफसफाई आणि रस्ते मोकळे करण्याचं काम असं काही धरलं की देशभर नाव झालं. आम्हाला वाटलं, आपल्या गल्लीतही गाडी आरपार गेली पाहिजे. कचऱ्याची गाडी मागे घ्यावी लागते, पावसाळ्यात बांधाजवळ घाण साचते. बाबांनी स्वतः अर्ज लिहिला, पंचवीस-तीस सह्या घेतल्या. काही वर्षांनी टी.पी.चा रस्ता आला, बांध गेला, डांबर पडलं. नारळ फोडून पेढे वाटले. बाबांचा तो हसरा फोटो अजून घरात आहे.

टी.पी. म्हणजे नगररचना योजना. सगळ्यांच्या जमिनी एकत्र धरून त्यातून रस्ते, बागा, शाळांची जागा काढायची आणि उरलेले प्लॉट नव्याने आखून द्यायचे. याची सुरुवात 1915 च्या मुंबई नगररचना कायद्याची. तेव्हा पुणं आणि सुरत एकाच मुंबई इलाख्यात होती. पुढे गुजरातने 1976 मध्ये आपला कायदा केला, पण मूळ पद्धत तीच. हे एवढ्यासाठी सांगतो की टी.पी.चा रस्ता सोसायटीचा नसतो, सगळ्या गावाचा असतो. त्याला कुलूप लावता येत नाही. ही गोष्ट आम्हाला फार उशिरा समजली.

पहिली काही वर्षं फक्त सायकली, लुना आणि रिक्षा आल्या. मोठा टेम्पो वळणावर अडकायचा. मग 2005 मध्ये टाटांचा 'छोटा हाथी' बाजारात आला. धंदेवाल्यांना देव पावला, कारण ग्रे कापडाचे ताके घेऊन तो कुठल्याही गल्लीत घुसतो. 2006 मध्ये महापालिकेची हद्द 112 चौरस किलोमीटरवरून 326 झाली, वस्ती चहूकडे वाढली. कापडाची मार्केटं रिंग रोडवरून सारोलीकडे सरकली. मग प्रत्येकाच्या मोबाईलवर नकाशा आला, आणि ज्याने आमची गल्ली कधी पाहिली नाही त्यालाही बाई सांगू लागली, "डावीकडे वळा." 2021 नंतर मेट्रोचं काम निघालं. भेसाण ते सारोली ही दुसरी लाइन मॉडेल टाउन, मगोबवरून जाते. मुख्य रस्त्यावर पत्रे लागले आणि उरलीसुरली गर्दी आत आली.

क्रिकेट आधी बंद झालं. ते बंद झालेलं कोणाच्या लक्षातही आलं नाही. मग बाया ओटल्यावरून घरात गेल्या. आमची माय मात्र हटली नाही. म्हणायची, घरात उजेड नाही, धागा दिसत नाही.

2022 च्या दिवाळीआधीची गोष्ट. दोन टेम्पो समोरासमोर आले, एकाने बाजूला घेतला आणि चाक ओटल्याच्या पायरीवर चढलं. मायचा पाय खाली होता. घोट्याचं हाड मोडलं. माणसं धावली, ड्रायव्हरला खाली ओढला. वीस-बावीस वर्षांचा पोरगा, थरथर कापत होता. "माय, माले दिसनंच नही वं," म्हणाला. अहिराणी ऐकली आणि उचललेले हात थांबले. अमळनेरकडचा निघाला. फेरीवर पैसे मिळत होते त्याला. दिवसाला जेवढ्या फेऱ्या तेवढी कमाई, म्हणून मुख्य रस्ता सोडून तो आमच्या गल्लीत.

मायने केस करू दिली नाही. प्लास्टर घालून खाटेवर पडली होती. संध्याकाळी जमलेल्या सगळ्यांना म्हणाली, "हाऊ रस्ता कोना शे, ते एकदा ठरावा." हा रस्ता कोणाचा, ते एकदा ठरवा. मी गप्प बसलो. कारण अर्ज बाबांचा होता.

मग मीटिंगा सुरू झाल्या. पहिला ठराव गेटचा. सुरतेला दाराची सवय जुनी आहे म्हणा. महाराजांनी 1664 आणि 1670 मध्ये सुरत लुटली, त्यानंतर शहराभोवती पक्की भिंत उभी राहिली. भिंती गेल्या, पण सहारा दरवाजा, दिल्ली दरवाजा, उधना दरवाजा ही नावं आपण रोज घेतो. आमच्या गेटला दोन अडचणी आल्या. एक, टी.पी.चा रस्ता. दुसरी एका काकांनी सांगितली, "बंब कुठून येणार?" 24 मे 2019 ला सरथाण्याच्या तक्षशिलामध्ये आग लागून 22 जण गेले, बहुतेक ट्यूशनला आलेली मुलं. त्या शहरात हा प्रश्न कोण टाळणार? गेट बारगळलं.

मग पोरांनी एका रात्रीत सिमेंटचे तीन बम्प घातले. इथे गतिरोधकाला बम्पच म्हणतात. उंच, अरुंद, पाठ मोडणारे. टेम्पोवाले तरीही आपटत गेले, आणि पडली आमचीच शेजारीण, स्कूटीवरून, मागे मुलगी बसलेली असताना. पावसाळ्यात खाडीचं पाणी भरलं तेव्हा त्या बम्पांनी पाणी अडवून दोन घरांत घातलं. ज्यांनी घातले त्यांनीच कुदळीने फोडले. नंतर कळलं की इंडियन रोड काँग्रेसचं यासाठी माप ठरलेलं आहे: 3.7 मीटर रुंद आणि फक्त 10 सेंटिमीटर उंच. त्यावरून ताशी 25 च्या वेगाने गाडी नीट जाते, त्यापेक्षा जोरात गेली तर दणका बसतो.

खरी चपराक पुढे होती. आपल्या तोंडाशी लोखंडी खांब रोवून टेम्पो अडवायचं ठरत होतं, तेव्हा मागच्या सोसायटीच्या बाया आल्या. त्यांची गल्ली आमच्याहून अरुंद, घरं भाड्याची, ओटलाही नाही, दार सरळ रस्त्यावर उघडतं. एक बाई म्हणाली, "भाऊ, तुमच्या दारातली गाडी आमच्या दारात पाठवता का?" तिच्या कडेवर पोर होतं. उत्तर कोणाकडे नव्हतं.

त्या दिवसानंतर काम जरा शहाणपणाने झालं. चार सोसायट्या एकत्र आल्या. कॉलेजची पोरं सकाळी वह्या घेऊन बसली. गल्लीत थांबणाऱ्या गाडीची रेघ एका पानावर, नुसत्या निघून जाणाऱ्या गाडीची दुसऱ्या पानावर. पहिलं पान अर्धंच राहिलं, दुसऱ्यासाठी पानं उलटावी लागली. ती वही अर्जाला जोडली. मागणी गेटची नाही, चारही गल्ल्यांत मापाचे बम्प आणि दिवसा मालवाहू गाड्यांना बंदीची पाटी, एवढीच.

दरम्यान माझ्या मुलीने हॉलंडची माहिती काढून दिली. तिथे 1971 मध्ये रस्त्यावर तीन हजारांहून जास्त माणसं मेली, त्यांत चारशेच्या वर मुलं. आयाबाया रस्त्यावर उतरल्या. मुलांचे खून थांबवा, असंच त्या चळवळीचं नाव होतं. त्याच काळात डेल्फ्ट गावात गल्ल्या नव्याने आखल्या: गाडी येऊ शकते, पण माणसाच्या चालीने, कारण खेळणाऱ्या मुलाचा हक्क आधी. 1976 मध्ये त्याला कायद्यात जागा मिळाली. मायला हे सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे त्यास्ना बी ओटला व्हतात!"

आमचं काय झालं? बऱ्याच खेपा मारल्या, साहेब बदलले, अर्ज पुन्हा दिला. शेवटी सव्वा वर्षाने तीन गल्ल्यांत मापाचे बम्प पडले. बंदीची पाटी लागली, ती अर्धे लोक वाचतात. चौथी गल्ली, तीच मागची अरुंद, अजून राहिली आहे, म्हणून आमचं काम संपलेलं नाही. त्या अर्जावर पहिली सही मायची आहे, बाबांच्या जुन्या अर्जाची झेरॉक्सही जोडली आहे. काहींनी ती जोडू नको म्हटलं. मी म्हटलं, राहू दे. रस्ता मागणारे आपण आणि तो हळू करा म्हणणारेही आपणच, हे साहेबांना कळू दे.

माय आता काठीने चालते, पण दुपारी ओटल्यावर असते. तो अमळनेरचा पोरगा दिवाळीला येऊन पाया पडून जातो, आणि आमच्या गल्लीतून टेम्पो काढत नाही.

तुमच्या गल्लीचं टोक कधी उघडलं, कोणी उघडायला लावलं, ते साल घालून लिहा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहा. आणि श्रावणात कानबाईच्या रविवारी या, रोट खायला. गाडी पाटियालाच लावा, आत चालत या.