मोहाची भट्टी व अबकारीचा कायदा

मोहाच्या घरगुती भट्टीस निराळें यंत्र लागत नसे. आंबविलेल्या फुलांचें मडकें चुलीवर, वाफेस बांबूची नळी, ती निवविण्यास थंड पाणी; सारी घरचीच सामुग्री. मडकें बाळगणें हा गुन्हा ठरविणार कसा? म्हणूनच सरकारनें भांडें सोडून फूल धरलें, असें आम्हांस वाटतें. १८९२ च्या मुंबई इलाख्यांतील कायद्यानें ठाणें व कुलाबा जिल्ह्यांत मोहफुलांवरच निर्बंध आले. भंडारा मध्यप्रांतांत असल्यामुळें त्यांतून सुटला. परंतु १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यांतही मोहफुलांवर नियंत्रण होतें, आणि १९५६ सालीं भंडारा मुंबई राज्यांत आला. हींच फुलें दुष्काळांत गरिबांचें अन्न होत. कायदा करणारांस हें ठाऊक नसेल, असें म्हणवत नाहीं.