शाळेचा परवाना आणि डार्विनाचा धडा

लोहारा तालुक्यातील हिप्परगा (रवा) येथे १९२१ साली राष्ट्रीय शाळा निघाली, त्या काळी निजामी अंमलात सरकारी शिक्षण उर्दूच्या ताब्यात असून मराठीतून शिकवणारी खासगी शाळा ही शिक्षणापेक्षा बंदोबस्ताचीच बाब गणली जाई. तीत काय शिकवतात यापेक्षा तिला परवाना द्यावा की नाही, याचीच दफ्तरी चिंता अधिक. पुढे व्यंकटेश खेडगीकर, म्हणजेच स्वामी रामानंद तीर्थ, येथे मुख्याध्यापक झाले. ही शाळा बाल्यावस्थेत असतानाच, जुलै १९२५ मध्ये, अमेरिकेतील टेनेसी राज्यात डेटन गावी, मनुष्याची उत्पत्ती खालच्या प्राण्यांपासून झाली असे शिकवल्याबद्दल जॉन स्कोप्स या शिक्षकावर खटला चालून त्यास शंभर डॉलर दंड झाला.

आपल्याकडे असा खटला झाला नाही, पण म्हणून आपण मोठे विज्ञाननिष्ठ होतो असे नव्हे. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या 'गीतारहस्या'त जर्मन जीवशास्त्रज्ञ हेकेलचा उत्क्रांतिवाद सांख्यमताशेजारी मांडला. कित्येकांनी मत्स्य-कूर्म-वराह या अवतारक्रमातच डार्विन पाहिला. विरोध न करता पचवून टाकण्याची ही रीत सोयीची खरी, परंतु तीत पुरावा तपासण्याचे काम तेवढे राहून गेले.

जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबादेत वैदिक संमेलनाच्या निमित्ताने आलेले तत्कालीन केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी, माकडाचा माणूस होताना आपल्या पूर्वजांपैकी कोणी पाहिल्याचे कोठे नमूद नाही, सबब डार्विनाचा सिद्धांत चूक असून अभ्यासक्रम बदलावा, असे सांगितले. प्रत्यक्षदर्शी साक्षीदारावाचूनही गुन्हा शाबीत होतो, हे मुंबईचे पोलीस आयुक्तपद भूषविलेल्या गृहस्थांस तरी ठाऊक असावयास हवे होते! देशातील तिन्ही विज्ञान अकादमींनी त्यांचे म्हणणे खोडून काढले आणि खात्याचे मंत्री प्रकाश जावडेकर यांनी त्यांना आवरले.

त्याच वर्षी निघालेल्या बालभारतीच्या दहावीच्या विज्ञान पुस्तकाच्या दुसऱ्या भागात पहिलाच पाठ 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हा होता. त्यातील माकडहाडाचा पुरावा लोहाऱ्याच्या मुलास स्वतःच्या देहावर चाचपून पाहता येतो. एनसीईआरटीने मात्र करोनोत्तर काळात, विद्यार्थ्यांवरील भार हलका करण्याच्या सबबीखाली, आपल्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग गाळला, आणि २०२३ साली अठराशेहून अधिक शास्त्रज्ञ व शिक्षकांना त्याविरुद्ध जाहीर पत्र काढावे लागले. मंत्र्याच्या भाषणापेक्षा हे गुपचूप गाळणे मला अधिक गंभीर वाटते; कारण बारावीच्या जीवशास्त्रात हा विषय कायम असला, तरी दहावीनंतर कला वा वाणिज्य शाखेकडे वळणाऱ्या मुलाच्या हाती ते पुस्तक येतच नाही.