'इलॅस्टिक' म्हणजे नेमके काय?

परतवाड्याहून चिखलदऱ्याला जाताना चिप्सचे पाकीट घाटात टम्म फुगलेले तुम्ही पाहिले असेल. उंचावर बाहेरच्या हवेचा दाब कमी होतो, म्हणून आतली हवा पसरते. 'इलॅस्टिक' हा शब्द सुरुवातीला वापरला गेला तो हवेच्या याच गुणासाठी, पायजम्याच्या पट्टीसाठी नव्हे!

जाँ पेके या फ्रेंच डॉक्टरांच्या १६५१ च्या लॅटिन ग्रंथात तो सापडतो. त्यात एक प्रयोगही आहे: माशाच्या पोटातली फुगी रिकामी करून बांधली आणि निर्वात जागेत ठेवली, तर ती आपोआप फुगते. शब्दाचे मूळ ग्रीक असून त्याचा अर्थ हाकणे, ठोकून पसरवणे असा आहे. पुढे १८२० मध्ये लंडनच्या थॉमस हॅनकॉक यांनी कपड्यांत रबर वापरण्याचे पेटंट घेतले आणि हळूहळू हा शब्द घरोघरी पोहोचला.

आपण इलॅस्टिक म्हणजे 'ताणले जाणारे' असे समजतो. पण शाळेच्या पुस्तकातला 'स्थितिस्थापक' हा शब्द अधिक नेमका आहे. तो आपल्या जुन्या न्याय-वैशेषिक ग्रंथांतला. उलगडलेली चटई पुन्हा गुंडाळली जाते, तसा पूर्वस्थितीला परत येण्याचा गुण. ताणणे अर्धेच काम, परत येणे महत्त्वाचे.

तुमच्या फुप्फुसांचेही तसेच आहे. श्वास घेताना स्नायू फुप्फुसे ताणतात. शांत बसलेले असताना श्वास सोडायला मात्र वेगळे बळ लागत नाही. इलॅस्टिन नावाचे तंतू त्यांना मागे खेचतात. बिडी-सिगारेटच्या धुराने वर्षानुवर्षे हे तंतू आणि हवेच्या पिशव्यांच्या भिंती झिजतात. मग हवा आत जाते, पण पूर्ण बाहेर पडत नाही आणि दम लागतो. या आजाराला एम्फिसिमा म्हणतात. चुलीच्या धुरानेही फुप्फुसांचे नुकसान होते.

पायजम्याचे इलॅस्टिक ढिले पडले तर नवे घालता येते. फुप्फुसातले इलॅस्टिन मुख्यतः लहान वयातच तयार होते. एकदा गेलेले औषधाने परत आणता येत नाही. पण बिडी आज सोडली तर पुढची झीज मंदावते, कोणत्याही वयात.

तेव्हा जिना चढताना दम लागत असेल, तर 'वयामुळे असेल' म्हणून सोडून देऊ नका. डॉक्टरांना दाखवा आणि फुंकून करायची स्पायरोमेट्री तपासणी करावी का, ते विचारा.