कृष्णशीर्ष भवन, रीगा

लॅटव्हियाची राजधानी रीगा येथील जुन्या नगरात, नगरभवनासमोरच्या चौकात उभी असलेली, मध्ययुगीन व्यापारी श्रेणीच्या सभागृहाची पुनर्निर्मित वास्तू. लॅटव्हियन भाषेत तिला ‘मेल्नगल्व्यू नाम्स’ म्हणतात. मूळ इमारतीचा सर्वांत जुना उल्लेख १३३४ सालचा आहे. आज दिसणारी इमारत मात्र १९९५ ते १९९९ या काळात बांधली गेली. प्रवाशाने हे प्रथमच ध्यानी धरलेले बरे, कारण लाल विटांचे, पायऱ्यापायऱ्यांनी निमुळते होत गेलेले ते दर्शनी शिखर पाहून सहा शतकांच्या प्राचीनतेचा जो प्रत्यय येतो, त्याला जमिनीवरच्या भिंतींचा आधार नाही. जे खरोखर जुने आहे ते जमिनीखाली आहे.

१२०१ मध्ये बिशप आल्बर्टने वसविलेले हे नगर १२८२ साली हान्सा या उत्तर युरोपीय व्यापारी नगरसंघात सामील झाले. दौगावा नदीतून रशियाच्या अंतर्भागातले मेण, फर, ताग-अंबाडीसारखे तंतू व लाकूड खाली येई, आणि समुद्रमार्गे पश्चिमेकडून मीठ, लोकरी कापड व खारवलेले हेरिंग मासे वर जात. या उदिमाची सूत्रे जर्मन व्यापाऱ्यांच्या हाती होती. घरदार करून नगरात स्थायिक झालेले सावकार ‘मोठ्या श्रेणी’चे सभासद, कारागीर ‘लहान श्रेणी’चे, आणि ज्यांचे लग्न झालेले नाही असे तरुण व्यापारी, जहाजमालक व परगावचे गुमास्ते यांचे तिसरे मंडळ म्हणजे ‘कृष्णशीर्ष’. रोमन सैन्यातला हुतात्मा संत मॉरिस हा त्यांचा अधिष्ठाता. मध्ययुगीन कलावंत त्याला कृष्णवर्णीय आफ्रिकी योद्ध्याच्या रूपात रंगवीत, आणि त्याचेच मस्तक मंडळाच्या निशाणावर विराजमान झाले. लग्न होताच कृष्णशीर्षांतून बाहेर पडून मोठ्या श्रेणीत जायचे, असा साधारण क्रम असे. मेजवान्या, मिरवणुका व सणासुदीचे खेळ यांची हौस या मंडळाला भारी होती. तथापि प्रसंगी घोड्यावर बसून नगररक्षणास निघणे हेही त्याच्या कर्तव्यांत मोडत असे.

ही वास्तू मुळात मोठ्या श्रेणीचे नवे घर म्हणून बांधली गेली. कृष्णशीर्षांनी १४७७ मध्ये ती भाड्याने घेतली आणि पुढे दोनशेहून अधिक वर्षे भाडेकरू म्हणूनच वहिवाट राखून अखेर १७१३ साली, म्हणजे रीगा स्वीडिश अमलातून रशियाच्या झारच्या हुकमतीखाली गेल्यानंतर लवकरच, तिची मालकी मिळविली. भाड्याच्या इमारतीवर त्यांनी केलेला खर्च मात्र मालकालाही लाजविणारा होता. १५२२ मध्ये प्रवेशद्वारापाशी बालख्रिस्तासह मरियम आणि संत मॉरिस यांची शिल्पे बसविण्यात आली. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात दर्शनी भागाला डच वळणाचा अलंकारसंभार चढविण्यात आला, आणि १६२२ मध्ये त्यावर खगोलदर्शक घड्याळ बसले, जे वेळेबरोबरच वार, तारीख, महिना व चंद्रकला दाखवी. वरुणाचा पाश्चात्त्य भाऊ शोभावा असा नेपच्यून, व्यापाराचा देव मर्क्युरी, ऐक्य व शांती यांच्या मूर्ती आणि रीगा, हँबुर्ग, ल्यूबेक व ब्रेमेन या चार नगरांची राजचिन्हे, हा सारा परिवार आजच्या प्रतिकृतीतही यथास्थित आहे. घर कधी कोसळलेच तर ते पुन्हा उभारावे, अशी विनंती करणारा लेख जुन्या द्वारावर होता असे सांगतात, आणि पुनर्निर्मितीच्या समर्थनार्थ रीगावासी त्याचा उल्लेख आवर्जून करतात.

जून १९४१ च्या अखेरीस, जर्मन सैन्य शहरात शिरत असताना झालेल्या माऱ्यात ही इमारत जळून गेली. जर्मनांनी बांधलेले घर जर्मनांच्याच तोफांनी जाळावे, हा योगायोग विलक्षण खराच; पण त्याआधीच, १९३९ मध्ये, हिटलरच्या राजवटीने बाल्टिक जर्मनांना स्वदेशी बोलाविल्यामुळे घराचे वारसदार परागंदा झाले होते. उरलेले भग्नावशेष सोव्हिएत सत्तेने १९४८ साली जमीनदोस्त केले. पुढे चौकात तांबड्या लॅटव्हियन बंदूकधाऱ्यांच्या स्मरणार्थ एक काळीकरडी, चौकोनी संग्रहालय-इमारत उभी राहिली. तिच्यात १९९३ पासून सोव्हिएत व नाझी अंमलाचा इतिहास मांडणारे संग्रहालय आहे. एकाच चौकात या दोन वास्तू शेजारीशेजारी पाहताना जो विसंवाद जाणवतो, तो प्रस्तुत लेखकाच्या मते या स्थळाचा दोष नसून त्याचा खरा आशय आहे.

१९९१ मध्ये स्वातंत्र्य परत मिळाल्यावर, नगराच्या आठशेव्या वर्धापनाच्या (२००१) तयारीत पुनर्निर्मितीचे काम हाती घेण्यात आले. त्यापूर्वी झालेल्या उत्खननात बुजविलेले तळघर मोकळे झाले होते. त्याच्या जाड भिंती व गरम हवेने वरची दालने उबदार ठेवणाऱ्या मध्ययुगीन भट्टीचे अवशेष हा भवनाचा सर्वांत मोलाचा भाग होय, आणि वरच्या झगमगाटात रमलेले प्रवासी तिथे जितका वेळ देतात त्याहून अधिक देण्याची त्याची योग्यता आहे. वरच्या मजल्यावरील उत्सवदालनात भव्य छतचित्र व झुंबरे असून तेथे मैफली व स्वागतसमारंभ होतात. रीगाच्या किल्ल्याचे काम चालू असताना, २०१२ ते २०१६ या काळात, राष्ट्राध्यक्षांचे दप्तरही याच भवनात होते. ज्या श्रेणींनी लॅट लोकांना आपल्या पंक्तीला बसू दिले नाही, त्यांचेच घर लॅट लोकांनी पुन्हा बांधावे आणि तिथूनच राज्यकारभार चालवावा, यात सूड नाही आणि औदार्याचा देखावाही नाही. गाव आमचे, म्हणून गावाचा गतकाळही आमचा, एवढा साधा मालकीहक्क त्यात आहे.

भवनासमोर नगरस्वातंत्र्याचे प्रतीक म्हणून रोलँड या वीराचा पुतळा आहे. तोही प्रतिकृतीच, १८९७ चा मूळ पुतळा जवळच्या संत पीटरच्या चर्चमध्ये ठेवला आहे. १५१० साली जगातील पहिला सजविलेला नाताळवृक्ष याच चौकात उभारला गेला, असा फलक येथे आहे. एस्टोनियातील टालिन हे शहर हाच मान १४४१ पासून आपल्याकडे ओढते, आणि दोन्ही दाव्यांच्या मुळाशी कृष्णशीर्षच असल्यामुळे हा तंटा घरातल्या घरातला म्हणावा लागतो.

मंडळाच्या प्रसिद्ध रौप्यसंग्रहाचा काही भाग जर्मनीत ब्रेमेन येथे पाहावयास मिळतो. ज्याला प्रतिकृती नको, अस्सल दगडच हवा, त्याने टालिनच्या पिक्क मार्गावरील कृष्णशीर्षांचे घर पाहावे. त्याचा १५९७ सालचा दर्शनी भाग युद्धातून वाचला आहे.